एकचक्रनगरीतली गोटी

आमचे मेहुणे चार महिने मुलाकडे अमेरिकेत राहून आले, तेव्हा त्यांनी बहिणीसाठी पर्स आणली, आमच्या नातवासाठी टोपी आणली आणि माझ्यासाठी एक गोटी आणली. एकच. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेल्या माणसाबद्दल नातेवाइकांचं काय मत झालेलं असतं, ते अशा वेळी कळतं.

गोटी मात्र, खोटं कशाला बोलू, सुंदर होती. मोठ्या लिंबाएवढी, आत काळंभोर आकाश आणि त्यात निळ्या-पांढऱ्या धुक्याची फिरकी. मेहुणे म्हणाले, "हातानं केलेली आहे. मशीनची नाही." मग शेजारी आयकरवाला बसल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाले, "चाळीस डॉलर." हिनं ती दोन बोटांत धरून उजेडाकडं बराच वेळ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी ती देवघरात शाळिग्रामाशेजारी दिसली. गंध लावलेली. मी ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. त्याबद्दल मिळालेलं एकमेव मानपत्र आमच्याकडे पिठाच्या डब्याखाली आहे.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं?"

आमच्या घरातली सगळी मोठी नुकसानं या तीन शब्दांनी सुरू झालेली आहेत. विहिरीवरची मोटार, गच्चीची गळती, भाच्याच्या लग्नातली शंभर पानांची कढी. कढीचं तर व्याही अजून विचारतात. त्यामुळं हे शब्द ऐकताच हिनं कपाटाची किल्ली कमरेला खोचली. पण मेहुणे बसलेले होते आणि पुरुषमाणसाला मेहुण्यांसमोर शब्द मागं घेता येत नाही.

आमचं केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर, सेलू तालुक्यात. टेकडीवर सिद्धिविनायक आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, त्यामुळं चतुर्थीला गर्दी. गावाची दुसरी ओळख म्हणजे ही महाभारतातली एकचक्रनगरी. पांडव इथंच लपून राहिले आणि भीमानं बकासुराला इथंच लोळवलं, असं आम्ही मानतो. एरंडोलचे लोक म्हणतात एकचक्रनगरी आमची. तिकडं बंगालात बीरभूम जिल्ह्यातही एका गावाचा तोच दावा आहे. बकासुर एकटाच होता, पण मेला बऱ्याच ठिकाणी. ते असो. ज्या अर्थी गावाचं नावच एकचक्र, त्या अर्थी तिथं एक गोल वस्तू घडवायला अडचण ती कसली, असा माझा हिशेब होता.

मास्तर माणूस आधी वाचतो. मीही वाचलं. जर्मनीत थुरिंगियामधल्या लाउशा गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काचवाल्यांनी गोट्यांसाठी एक खास कात्री काढली. तिच्या एका टोकाला वाटी आणि दुसऱ्याला पातं. तापलेल्या काचकांडीचं टोक वाटीत धरून फिरवायचं आणि कचकन कापायचं. पुढं अमेरिकेत, ओहायोतल्या एक्रन गावच्या मार्टिन क्रिस्टेन्सेन या गृहस्थानं १९०५ मध्ये गोट्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हा आधी बेअरिंगचे पोलादी छर्रे करायचा. खाचा पाडलेले रूळ फिरताहेत, त्यांच्यामध्ये काचेचा गोळा लोळतो आहे, पलीकडून गोटी बाहेर. म्हणजे हे काम माणसाच्या हाताला सोडण्यासारखं नाही, हे एकानं शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. ते पान मी वाचलं, पण घरात वाचून दाखवलं नाही.

घरात मी निवडक तेवढंच वाचलं. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला, टिळक पाठीशी उभे राहिले आणि त्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. मग १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी टांगला गेला. शिवाय आपल्या विदर्भातलं कौंडिण्यपूर ज्यांनी खणलं त्या मो. गं. दीक्षितांनीच १९६९ मध्ये भारतीय काचेचा अख्खा इतिहास लिहिला. म्हणजे इथल्या मातीचा आणि काचेचा काहीतरी संबंध असणारच!

हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अजी, त्यांनी आधी पैसा पैसा जमवला अन् मंग कारखाना काढला. तुम्ही आधी कारखानाच काढून राहिले. पैसा कोण देईन?"

पहिला प्रयोग रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. दुकान माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. फुटलेल्या सोड्याच्या बाटलीचा तुकडा मी सांडशीत धरला आणि म्हटलं, "लाव ज्योत." त्यानं लावली. ॲसिटिलीनची ती ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते आणि बाटलीची काच सातशेच्या आसपास मऊ पडू लागते. तुकडा मऊ पडायच्या आधीच फटाफट उडाला. एक चिरफळी माझ्या कॉलरमध्ये गेली, दुसरी त्याच्या चहात.

"सर," तो कप दूर ठेवत म्हणाला, "काच उष्णतेची दुर्वाहक असते. एक बाजू एकदम तापली तं तडकणारच. तुम्हीच शिकवलं होतं."

"तुला तेव्हा विज्ञानात किती मार्क होते रे?"

"एकोणतीस."

एकोणतीस मार्कांच्या मुलाला जे आठवलं, ते शंभर मार्कांचा पेपर काढणाऱ्याला आठवलं नाही. मी फळ्यावर हजार वेळा लिहिलं होतं. हातात घेतलं होतं ते आज पहिल्यांदा.

मग मी सगळं रीतसर घरीच करायचं ठरवलं. मागच्या अंगणातल्या गोठ्यात म्हैस विकल्यापासून जागा होती. एक टेबलावर बसणारा बर्नर मागवला, पाच किलोचं छोटं सिलिंडर घेतलं. राहिला ऑक्सिजन. तर २०२१ साली, कोरोनाच्या लाटेत, नागपूरच्या आमच्या चुलतभावानं धसक्यानं हवेतून ऑक्सिजन काढणारं एक यंत्र विकत घेतलं होतं. देवाच्या कृपेनं ते लागलं नाही आणि तेव्हापासून त्याच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे. मिनिटाला पाच लिटर. मी मागितलं, त्यानं टाळी वाजवून दिलं. रात्री साडेनऊला मी ते ऑटोतून, खड्ड्यात आपटू नये म्हणून चादरीत गुंडाळून, दोघांनी दोन बाजूंनी धरून घरात नेलं.

आमची गल्ली साडेनऊला झोपते, असा माझा समज होता.

सकाळी साडेसहाला समोरचे काकाजी संत्र्यांची थैली घेऊन दारात. हिला वाटलं, वावरातली पहिली तोड असेल. चहा टाकला. तेवढ्यात पलीकडच्या वहिनी आल्या, नारळपाणी घेऊन. मग बँकेतले दोघं. मग माझी एक विद्यार्थिनी आली, ती देवघराकडं बघून रडायलाच लागली. आठ वाजेपर्यंत दारात चपलांचे सात जोड. एकानं हिला बाजूला घेऊन देवळीच्या कुण्या वैद्याचा पत्ता दिला. एकजण म्हणाला, "वहिनी, हिंमत ठेवा. आमच्या साळ्याले तं दोन मशीन लागल्या होत्या."

ही बिचारी मला शोधायला लागली. मी पहाटेपासून गोठ्यात होतो. यंत्र ओसरीत घरघरत होतं आणि त्याची पारदर्शक नळी अंगणातून, तुळशीला वळसा घालून गोठ्यात शिरली होती. काकाजी ती नळी हातानं चाचपत चाचपत, विहिरीत बादली शोधावी तसे, माझ्यापर्यंत पोचले. बघतात तो काय, डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा, अंगात हिचा जुना गाऊन उलटा घातलेला आणि पुढ्यात फुसफुसणारी निळी ज्योत.

"सर," काकाजी हळू आवाजात म्हणाले, "ऑक्सिजन नाकाले लावतेत जी."

"मी ज्योतीला लावला आहे."

काकाजींच्या मागं ही येऊन उभी होती. तिनं विचारलं, "कोण ज्योती?"

तो खुलासा होईस्तोवर माझा पहिला गोळा कांडीवरून ओघळून माझ्या पायताणावर पडला. पायताण जळलं. पण खरा वास सुटला तो लोकांच्या निराशेचा. "म्हंजे तुम्ही आजारी नाही?" काकाजींनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मला दिलगीर व्हावंसं वाटलं. पहाटे उठून, धुतलेलं धोतर नेसून, संत्री घेऊन येणाऱ्या माणसाला तुम्ही ठणठणीत बरे निघता, हा काही कमी विश्वासघात नाही. पलीकडच्या वहिनींनी तर रात्रीच गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोलून ठेवला होता. "आता बरे आहेत तं नवस फेडावा लागनच," असं त्यांचं म्हणणं आणि त्याला तोड नव्हती. मोदक हिनं केले. सारण वहिनींच्या देखरेखीखाली झालं.

आता तंत्राकडं. काचेची कांडी ज्योतीत धरली की ती आधी लालसर होते, मग पाकासारखी लोंबायला लागते. म्हणून कांडी सतत फिरवत राहायची. डावा हात आणि उजवा हात एकाच वेगानं. जरा थांबलात की गोळ्याचं नाक लांबतं. हे सोपं वाटत असेल तर एका हातानं जातं फिरवत दुसऱ्या हातानं त्याच लयीत पान लावून पाहा. वर काचेत सोडियम असतो, तो तापला की झगझगीत पिवळा भडका देतो आणि त्या भडक्यात आपला गोळा कुठं आहे तेच दिसत नाही. त्यासाठी डिडिमियमचा खास जांभळट चष्मा लागतो, तो नेमका तो पिवळा उजेड खातो. माझा वेल्डिंगचा चष्मा सगळाच उजेड खायचा. पहिले आठ दिवस मी गोट्या केल्या त्या केवळ श्रद्धेनं.

"लाडवासारखं तळहातावर घेऊन वळा की," ही म्हणाली. हिचे लाडू एकासारखा एक गोल. मी काही बोललो नाही. सातशे अंशांचा लाडू तिनंही वळलेला नव्हता. पण कल्पना डोक्यात राहिली. गोल गोळ्याला गोल वाटी हवी. जाणकार माणसं ग्राफाइटचा साचा वापरतात. मी टाकलेल्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या काढून पाहिल्या, त्या टोचायला उपयोगी पडल्या, वाटी काही त्यांची होईना. मग एका दुपारी स्वयंपाकघरात मला उत्तर टांगलेलं दिसलं. बिडाचं अप्पेपात्र! सात वाट्या, सातही गोल. हिच्या आईनं दिलेलं.

थंड अप्पेपात्रात तापलेला गोळा टाकला, तो टच्कन दुभंगला. मग मी अप्पेपात्रच तापवलं. त्यात गोळा टाकला, तो इतका मायेनं चिकटला की काढता निघेना. उलथन्यानं निघेना, छिन्नीनं निघेना. आजही आमच्याकडे अप्पे एका वेळी सहाच होतात. सातव्या वाटीत हिरव्या काचेची अर्धी गोटी कायमची बसली आहे आणि पाहुण्यांना ती वाटी दाखवून ही माझी ओळख करून देते.

रंगाची हौस याच सुमाराला सुटली. मेहुण्यांच्या गोटीत आकाशगंगा होती, माझ्या गोटीत निदान एखादी फिरकी तरी हवी. हिच्या पिचलेल्या बांगड्यांचे तुकडे डब्यात होते. हिरवे, चुड्याचे. ते मी गोळ्यावर टोचले, वितळवले, पिळा दिला. आणि खरोखर, ज्योतीत ती गोटी अशी देखणी दिसली की मी गोठ्यात एकटाच "वा!" म्हणालो. खाली ठेवली. पाच मिनिटांनी टच्. दोन तुकडे.

"फुटली?" हिनं आतून विचारलं.

बांगड्यांचा संबंध होता, म्हणून मी म्हणालो, "वाढली." तेव्हापासून आमच्या घरी गोटी फुटत नाही, वाढते. एका आठवड्यात अकरा वाढल्या.

कारण मला नंतर उमजलं. काच तापली की फुगते, निवली की आक्रसते आणि प्रत्येक काचेचं आक्रसण्याचं माप वेगळं. हे काम करणारे लोक काचेला त्या मापाच्या आकड्यानंच ओळखतात. इटालियन रंगीत कांड्या एकशेचारच्या, प्रयोगशाळेतल्या चंबूची बोरोसिलिकेट काच तेहेतीसची. हे दोन आकडे एका गोटीत नांदत नाहीत. म्हणजे आपली पत्रिकाच! छत्तीस गुण जुळवायचे तसे इथं आकडे जुळवायचे. गंमत अशी की गरम असेपर्यंत दोघांचं छान जमतं. वितळून एकजीव होतात, कुठं सांधा दिसत नाही. भांडण निघतं ते निवताना. एक जास्त आक्रसतो, दुसरा कमी. हे मी हिला मोठ्या उत्साहानं समजावलं. ती म्हणाली, "यासाठी बर्नर लागते होय?"

एकाच बाटलीची गोटी केली तरी संकट होतंच. वरून निवते, आतून धुमसत असते. लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखी. वरची कातडी आवळते, आतला गाभा अजून मोठाच. मग तो ताण कधीतरी निघतो. संध्याकाळी धडधाकट ठेवलेली गोटी रात्री दोनला बोलते. टच्. ही दचकून उठायची, "कोण?" मी कुशीवर वळून म्हणायचो, "एकोणीस नंबर."

यावर उपाय म्हणजे गोटी पाचशेच्या वर काही अंश धरून ठेवायची आणि मग हळूहळू, तासन्‌तास निववायची. त्याला विजेची भट्टी असते. तिची किंमत मी पाहिली आणि पुन्हा झाकली. ही चुल्ह्यावर आंघोळीचं पाणी तापवते. तिथल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत लोखंडी डबा पुरला, डब्यात गरम राख, राखेत गोटी, वर पुन्हा निखारे आणि राख. सकाळपर्यंत हात लावायचा नाही. गावभर बोभाटा झाला की सर राखेत काहीतरी पुरतात. दोन माणसं येऊन दबक्या आवाजात "कामाचं" विचारून गेली. एकाला कोर्टातली केस जिंकायची होती.

दरम्यान बर्नर गॅस खातच होता. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस लागायचा. माझ्या बर्नरला दर पंधरवड्याला एक सिलिंडर लागायचं, आणि ते आणायला जाणारा माणूस मीच. वाटेत देऊळ लागतं. मी हात जोडायचो. मागणं एकच, एक गोटी वाढू देऊ नकोस.

एक्केचाळीस नंबरची गोटी वाढली नाही.

सकाळी राख उकरली, तर ती होती तशी होती. एकाच सोड्याच्या बाटलीची, समुद्रहिरवी, आत चार बुडबुडे. जिथं कांडीपासून तोडली तिथं एक खरखरीत ठिपका आणि एका बाजूला जराशी, अगदी जराशीच, चपटी. मी हिशेब केला. बर्नर, सिलिंडरं, दोन चष्मे, पायताण, मोदक, सगळं धरून एक गोटी मला अकरा हजार तीनशे चाळीस रुपयांना पडली. म्हणजे मेहुण्यांच्या गोटीच्या जवळजवळ तिप्पट. निदान किमतीत तरी मी त्यांना मागं टाकलं.

गोटीची परीक्षा गोट्या खेळणारेच घेणार. नातवासोबत बाहेर कंचे खेळणारे पोट्टे होते, त्यांच्या हाती दिली. एकानं ती जमिनीवर ठेवून टिचकी मारली. गोटी हलली, विचारात पडली आणि परत चपट्या बाजूवर बसली. दुसऱ्यानं मारली. बसली. तिसरा उकिडवा बसून तिच्याकडं पाहत म्हणाला, "सर, हे लोळूनच नाही राहिली."

"हातानं केलेली आहे," मी आवाज खाली आणून म्हणालो.

"हो, दिसते," तो म्हणाला आणि दुकानातल्या पुडक्यातला आपला कंचा त्यानं नेम धरून थेट गलीत घातला.

ही गोटी देवघरात जाणार नव्हती, हे मला माहीत होतं. पण अगदीच लांबही गेली नाही. देवघराचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याच्या फटीत हिनं ती सारली. "लोळत नाही ना, मस्त राहते," म्हणाली. पाच मिनिटं मला ती स्तुतीच वाटली.

परवा संध्याकाळी काकाजी आले होते. दाराशी वाकून त्यांनी गोटी उचलली, दार धाडकन आपटलं. त्यांनी ती उजेडाकडं धरली, एका डोळ्यानं पाहिली, दुसऱ्या डोळ्यानं पाहिली, खर्रा या गालातून त्या गालात नेला. मी एकशेचार आणि तेहेतीस सांगितले, लाउशा सांगितलं, राख सांगितली. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"पण सर," ते म्हणाले, "त्यात काय येवढं?"

मी एक शब्द बोललो नाही. उठलो, बर्नर आणला, दोन्ही चष्मे आणले, उरलेलं सिलिंडर आणलं आणि ओसरीतल्या यंत्राची पिन काढली. रात्री साडेनऊला ते चादरीत गुंडाळून, दोघांनी दोन बाजूंनी धरून, गल्ली ओलांडून काकाजींच्या घरात नेलं.

आज सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात चपलांचे नऊ जोड होते. मीही दोन संत्री घेऊन जाऊन आलो.